बोळ कुठून येतो

भाचीला मुलगी झाली आणि वहिनीचा फोन आला, ताई तुम्ही मांडवीकडे जाणारच असाल तर बाळंतिणीचं सामान घेऊन या ना, मला घरातून हलताच येत नाहीये. यादी मला पाठच होती. डिंक, अळीव, सुंठ, गंठोडा, बाळंतशोपा, खारीक, ओवा आणि सगळ्यात शेवटी थोडासा हिराबोळ, तो कडू डिंक. आमच्या बडोद्यात मांडवीच्या आतल्या बाजूला गांधींची म्हणजे जडीबुटीवाल्यांची जुनी दुकानं अजून आहेत, तिथे पाऊल टाकलं की आधी वास येतो आणि डोळ्यांना अंधाराची सवय नंतर होते. वास पण एक नसतो, वेखंडाचा उग्र, ओव्याचा नाकात चढणारा, कापराचा गार, आणि या सगळ्यांच्या खाली गोणपाटाचा धुळकट. गल्ल्यावर विशीतला एक मुलगा होता, मोबाईलवरून नजर न काढता पुड्या बांधत होता, हात मात्र एकदम सराईत. बोळाचा भाव ऐकून मी म्हटलं एवढा महाग कसा काय रे, तर म्हणाला, "मासी, आ तो बधो बहारनो माल छे. आफ्रिकाथी आवे." एवढंच. मी पैसे दिले, पिशवी घेतली, रिक्षात बसले. न्यायमंदिर गेलं, सूरसागर गेलं, त्या मुलाचं वाक्य काही डोक्यातून जाईना.

आफ्रिकेहून? आजीचा बोळ?

दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात माजघराच्या भिंतीत एक फडताळ होतं. त्याची कडी आजीशिवाय कोणी काढायची नाही असा नियमच होता, आणि तो नियम माझ्या वडिलांनाही लागू होता. आत बिस्किटांचे चौकोनी पत्र्याचे डबे, धुऊन वाळवलेल्या औषधाच्या बाटल्या, सुती चिंध्यांच्या पुरचुंड्या. कशावरही नाव लिहिलेलं नाही, आजीला लिहिता येत होतं तरीसुद्धा नाही, ती वासावरून ओळखायची. पोटात दुखलं की कोमट पाण्यात कालवलेला हिंग बेंबीभोवती. कान ठणकला की तेलात लसणाची पाकळी कडकडवून ते तेल गार करून दोन थेंब. गळू झालं तर कणकेचं पोटीस, आणि ते गरमच लावायचं, आपण कितीही ओरडलो तरी. मुका मार लागला तर आंबेहळद आणि तुरटी सहाणेवर उगाळून पळीत गरम केलेला लेप, जो वाळला की कातडी अशी ओढायचा की दुखणं विसरायला व्हायचं. शेजारच्या गुजराती काकींकडून आजीने एरंडेलात परतलेलं हिमज उचललं होतं आणि त्या बदल्यात त्यांना अळिवाचे लाडू शिकवले होते. खोकल्यासाठी ज्येष्ठमधाची कांडी, ती मात्र आम्ही खोकला नसतानाही मागायचो.

तान्ह्या बाळाची घुटी हा तर सोहळाच. ओसरीवर उन्हाच्या पट्ट्यात सहाण, त्यावर आईच्या दुधाचे थेंब, आणि आजी एकेक वस्तू उचलून गोल फिरवणार. हळकुंड, हिरडा, मुरुडशेंग, जायफळ, मायफळ, वेखंड. कशाचे किती वेढे हे बाळाच्या शीवर आणि रडण्याच्या आवाजावर ठरायचं. वेखंडाचा जेमतेम अर्धा, जायफळाचं तर नुसतं टेकवल्यासारखं, कारण जास्त झालं तर मूल झोपून राहतं हे तिला पक्कं माहीत होतं. त्या उगाळण्याचा एक आवाज असायचा, ओलसर, घासता घासता मऊ होत जाणारा. मला वाटायचं ह्याच्याइतकं आपलं, घरातलं दुसरं काही असूच शकत नाही.

आणि बाहेरचं जग? ते आजोबांच्या खात्यात होतं.

आजोबा संस्थानाच्या लायब्ररी खात्यात होते. १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून हे खातं उभं केलं, आणि नुसतं शहरात मोठं ग्रंथालय काढून थांबले नाहीत तर लाकडी पेट्यांमध्ये पुस्तकं भरून गावोगाव पाठवली. वाचता न येणाऱ्यांचं काय, तर त्यांच्यासाठी दृश्य शिक्षणाची वेगळी शाखा होती, मॅजिक लँटर्नच्या काचा, दोन डोळ्यांनी बघायची ती स्टिरिओस्कोपची चित्रं, पुढे सिनेमाचं मशीन. आजोबा तरुणपणी त्या सामानाबरोबर बैलगाडीतून फिरलेले. शाळा सक्तीची करून (१९०६ साली, सबंध संस्थानात) भागत नाही, माणसाला जगाची चटक लागली पाहिजे असं महाराजांना वाटत असावं, आणि मला विचाराल तर हे त्यांचं सगळ्यात मोठं काम. राजवाडे पुष्कळांनी बांधले. आजोबांना तर ती चटक कायमची लागली होती. जेवताना मध्येच ते नायगाराबद्दल, पनामाच्या कालव्याबद्दल सांगायला लागायचे आणि आजी म्हणायची, भात निवतोय.

रविवारी ते आम्हाला कमाटी बागेत न्यायचे. लोकांना पाळण्यांची आणि छोट्या आगगाडीची ओढ, आम्हाला आधी म्युझियम. ती १८९४ सालची इमारत, आतला गारवा, जिन्याला पॉलिशचा वास. खाली देवमाशाचा सांगाडा, सत्तर फुटांच्या वर, महीच्या मुखाशी वाहून आलेला. त्याच्या फासळ्यांखालून चालताना आम्ही आपोआप हळू बोलायचो. आणि मग ममी. इजिप्तची, महाराजांच्या काळात आलेली, काचेच्या पेटीत. मला तिची भीती वाटायची आणि तरीही दर वेळी बघायचीच असायची. त्यातून आमच्या वाड्यात दुसरीच एक दहशत होती, पोरं पळवतात, उलटं टांगून त्यांच्या अंगातून मोमाई काढतात आणि ती औषध म्हणून विकतात. संध्याकाळी दिवे लागले की रस्त्यावर थांबू नका, मोमाईवाले फिरतात, असं मोठी माणसंच सांगायची. माझ्या डोक्यात ती पेटीतली ममी आणि हे मोमाईवाले एकमेकांत मिसळून गेले होते. पुढे वाचताना कळलं की त्या भीतीला अगदीच बूड नव्हतं असं नाही, युरोपातले औषधवाले कित्येक शतकं खरोखर ममीची पूड विकत होते, मार लागला, रक्तस्राव झाला की देत होते. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस तर ती पूड रेवाचिनीत, म्हणजे एका रेचक मुळीत, मिसळून कायम जवळ ठेवायचा म्हणतात. रेवाचिनी! ती आजीच्या फडताळातसुद्धा होती.

आजी आमच्याबरोबर म्युझियमला क्वचितच यायची. एकदा आली तेव्हा ममीपुढे उभी राहिली, पदर नाकाला लावला (वास नव्हताच काही, सवय), आणि आजोबांना विचारलं, "अहो, ही इतकी वर्षं टिकली कशी?" आजोबा म्हणाले मसाले भरतात. आजी म्हणाली, "कुठले?" आजोबांना नावं आठवेनात. विषय तिथेच राहिला.

आता त्या गांधीच्या मुलाने आफ्रिका म्हटलं आणि मला कॉलेजात वाचलेला हिरोडोटस आठवला. सुमारे २४०० वर्षांपूर्वीचा हा ग्रीक माणूस, इजिप्तमध्ये फिरून त्याने सगळं टिपून ठेवलंय, श्रीमंताचं प्रेत असेल तर पोट साफ करतात, त्यात कुटलेला शुद्ध बोळ, तज आणि इतर सुगंधी द्रव्यं भरून शिवतात, आणि मग सत्तर दिवस खारात पुरून ठेवतात. रात्री मी शांतपणे एकेक जुळवत बसले. बोळ म्हणजे सोमालियाच्या, इथिओपियाच्या आणि पलीकडे अरबस्तानच्या रखरखीत डोंगरातल्या काटेरी झुडपाचा डिंक. खोडाला चीर दिली की ठिपकतो, वाळून लालसर तपकिरी खडे होतात, जिभेवर कडू जहर. आजी तो गुळात लपेटून बाळंतिणीला द्यायची, अंग सावरायला. तज तर फोडणीतली. आणि तो खार म्हणजे इजिप्तमधल्या आटलेल्या तळ्यांत सापडणारा सोड्याचा खार, जवळपास आपला पापडखारच की. म्हणजे आजीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिच्याच घरात होतं, अर्धं फडताळात आणि अर्धं पापडाच्या डब्यात.

मग मला चैनच पडेना. बाकीच्या डब्यांचं काय?

हिंग इराण-अफगाणिस्तानचा, हे एक आम्हाला माहीत होतं कारण आजी सांगायची की तिच्या माहेरी पठाण दारावर हिंग घेऊन यायचा आणि घरातल्या पोरी आत पळायच्या. ज्येष्ठमध त्याच बाजूचा. लवंग मूळची पार पूर्वेकडच्या मोलुक्का बेटांवरची, पण एकोणिसाव्या शतकात ती झांझिबारहून यायला लागली आणि त्या व्यापारात आपले कच्छी आणि गुजराती शेठ पाय रोवून होते. मायफळ, ज्याला आम्ही बिनदिक्कत फळ समजत होतो, ते फळच नाही! तुर्कस्तान, सीरिया, इराणकडे एक ओक जातीचं झाड आहे, त्याच्या डहाळीत एक चिमुकली गांधीलमाशी अंडं घालते, झाड त्या अंड्याभोवती गाठ धरतं, ती गाठ म्हणजे मायफळ. नीट बघितलं तर पुष्कळांवर बारीक भोकही असतं, किडा बाहेर पडून गेलेला. ह्याच गाठींचा अर्क आणि हिराकस मिळून शतकानुशतकं युरोपात शाई करायचे, पक्की, पुसता न येणारी, आणि विलायतेहून येणारी निळी-काळी शाईसुद्धा त्याच घराण्यातली. म्हणजे आजोबा टेबलापाशी बसून दौतीत टाक बुडवतायत आणि आजी ओसरीवर बाळासाठी मायफळ उगाळतेय, आणि दोघांच्या बोटांना लागलेलं मूळ द्रव्य एकच. दोघांनाही हे माहीत नव्हतं. मला हे आजोबांना सांगायचं होतं हो, फार सांगायचं होतं, ते भात तसाच टाकून उठले असते.

जायफळाची गोष्ट मात्र तशी सांगता येत नाही. बांदा नावाची चिमुकली बेटं, जगातलं सगळं जायफळ एके काळी तिथलं. डच कंपनीला मक्ता हवा होता, १६२१ साली त्यांनी तिथली हजारो माणसं मारली, उरलेल्यांना गुलाम केलं, पळवून नेलं, आणि बागा आपल्या लोकांना वाटून दिल्या. त्यातलंच रन नावाचं बेट इंग्रजांनी १६६७ च्या तहात डचांना सोडलं आणि मॅनहॅटन स्वतःकडे ठेवलं, आज ज्या न्यूयॉर्कला आमच्या निम्म्या बडोद्याची मुलं नोकऱ्या करतायत ते. हे वाचल्यापासून जायफळ हातात घेतलं की मला थोडा वेळ काही सुचत नाही. श्रीखंडात किसते मी अजूनही, वासही तितकाच आवडतो. पण तान्ह्या बाळाला झोप यावी म्हणून ज्याचा एक हलका वेढा द्यायचा, त्याच्यासाठी कुणाची तरी घरंच्या घरं संपली होती, हे माहीत झाल्यावर माहीत नसल्यासारखं कसं करायचं.

आणि आजीच्या फडताळाबद्दल मी नुसती प्रेमाने लिहीत गेले तर तेही खोटं होईल. तिचं पहिलं मूल घटसर्पाने गेलं. घशात पडदा धरला, श्वास घुसमटला, आणि ओळखीच्या एका बाईने छातीवर बिब्बा घालायला लावला, तो घातला, मूल त्या भाजण्याने रडलं आणि रात्री गेलं. हे तिने मला एकदाच सांगितलं, अगदी सपाट आवाजात, तांदूळ निवडताना. त्यानंतर फडताळात बिब्बा कधी आला नाही. गुजरातेत डाम द्यायची पद्धत खेड्यापाड्यातून अजूनही अधूनमधून पेपरात येते, तापलेल्या सळईने लेकरांना डागतात, आणि ती बातमी वाचली की माझ्या अंगावर काटा येतो. जुनं ते सगळं शहाणं, असं म्हणणाऱ्या मेसेजेसना म्हणून मी उत्तर देत नाही. आजीला विचारा असं म्हणावंसं वाटतं. तिला कुठे थांबायचं ते कळलं होतं. ताप तिसऱ्या दिवशी उतरला नाही की ती स्वतः चप्पल घालून दवाखान्यात घेऊन जायची. तिथला कंपाउंडर गुलाबी मिक्सचर बाटलीत ओतून बाटलीवर कागदाची खाचांची पट्टी चिकटवायचा, एका खाचेएवढं औषध एका वेळी. हात निखळला तर माणिकरावांच्या आखाड्यात, जुम्मादादा व्यायाममंदिरात, तिथे हाड बसवून मिळायचं आणि त्यांच्या हाताचं नाव सगळीकडे होतं. अलेंबिकची गोष्ट तर तिला फार आवडायची, १९०७ साली गज्जर, कोटिभास्कर, अमीन या मंडळींनी इथेच कारखाना काढला, अर्क आणि टिंक्चरं करायला लागले. पुढे त्यांचं खोकल्याचं ग्लायकोडिन आलं, काकांनी बाटलीवरचं नाव वाचून दाखवलं, टर्प वासाका, आणि वासाका म्हणजे अडुळसा हे कळल्यावर आजी म्हणाली, "मग द्या की, आपलाच आहे." आणि खरंच अडुळशाच्या काढ्याच्या जागी ती बाटली आली, रिकामी झाली की परत फडताळात.

देवीच्या रोगाच्या बाबतीत तर तिचा कारभार दोन्हीकडे चोख. श्रावणात शीतळा सातमला गुजराती शेजारणींबरोबर तिने चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं थंड जेवायचं, देवीची पूजा करायची. आणि घरातल्या एकाही पोराला टोचल्याशिवाय ठेवायचं नाही. माझ्या दंडावरची ती गोल खूण अजून आहे, बिनबाह्यांचं घातलं की दिसते. ही लसही बाहेरचाच माल. जेन्नरने काढली इंग्लंडात, तिथून व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशी हातांहात, शेवटच्या टप्प्यात तर अक्षरशः एका पोराच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडात अशी आली, आणि १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. हिंदुस्थानातलं ते पहिलं टोचणं. ती लस तिच्या दंडावरून पुढे इतरांच्या दंडात गेली. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही. मला त्या तीन वर्षांच्या मुलीचा पुतळा कुठेतरी चौकात असावासा वाटतो, आपल्याकडे इतके पुतळे आहेत.

सगळंच बाहेरून आलं असंही नाही बरं का. इसबगोल आपल्या गुजरातेतला, ऊंझा आणि सिद्धपूरकडचा, तिथून तो जगभर जातो, आणि अमेरिकेत तो नारिंगी चवीचा करून मोठाल्या डब्यात विकतात. माझा मावसभाऊ न्यूजर्सीला आहे, तो तिथून आला की डॉक्टरने दिलंय म्हणून कौतुकाने तो डबा काढतो, आणि आई त्याला दरवेळी विचारते, तुझी आजी रात्री दुधातून काय द्यायची ते विसरलास का. गुग्गुळ कच्छचा, अळीव-ओवा इथेच पिकणारा. त्या फडताळात कोण घरचं आणि कोण पाहुणं हे आजीने कधी पाहिलं नाही, कामाला येतं का एवढंच पाहिलं.

भाचीने बोळ घेतला नाही. तिची डॉक्टर म्हणाली नको, आणि बाळाला सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नाही, घुटीसुद्धा नाही. वहिनी जराशी हिरमुसली. मला तसं वाटलं नाही, डॉक्टरचं बरोबर आहे, आणि आजीच्या पहिल्या मुलाची गोष्ट मी भाचीला त्याच दिवशी सांगितली, तिला ती माहीत असायला हवी होती. डिंकाचे लाडू मात्र तिने मागून मागून खाल्ले.

आजोबांची एक आठवण सांगायची राहिली, ती ते स्वतः फार रंगवून सांगायचे. पेटलादकडच्या कुठल्याशा गावात देवळाच्या ओट्यावर पडदा लावलेला, मॅजिक लँटर्नवर लंडनचे फोटो, थेम्स, पूल, धुकं. लोक गप्प बघतायत. ते धुकं बघून मागून एका म्हातारीने विचारलं, एवढ्या गारठ्यात राहतात तर त्यांना खोकला झाला की ते काय घेतात? आजोबांकडे उत्तर नव्हतं. बडोद्याला परतल्यावर त्यांनी लायब्ररीत पुस्तकं चाळली, तिथल्या साहेबांना विचारलं, आणि पुढच्या फेरीला त्याच गावात सगळ्यांसमोर सांगितलं की तिकडे एका मुळीचा रस आटवून त्याच्या काळ्या वड्या करतात आणि त्या चघळतात, मुळी चवीला गोड असते, आत पिवळी असते, बाहेरून तपकिरी. म्हातारी पुढे बसली होती. तिने कमरेची चंची सोडली, त्यातून एक कांडी काढली आणि कंदिलाच्या उजेडात वर धरली.

"आ? जेठीमध?"

आजोबा म्हणाले, "हा मा, एज." मग म्हातारीने मागे वळून सगळ्या गावाला मोठ्याने सांगितलं की साहेब लोक पण आपलंच खातात, आणि आजोबांना पुढचा फोटो लावायला कितीतरी वेळ मिळाला नाही, कारण आता प्रत्येकाला विचारायचं होतं की तिकडे पोटात दुखलं तर काय देतात, दाढ दुखली तर काय देतात, आणि लहान मूल रात्री झोपत नसेल तर काय.